मला घ्याल का खेळायला?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत)

आम्ही ऑगस्टमध्ये पुण्याहून डेन्मार्कला आलो. नवऱ्याची नोकरी कोपनहेगनजवळ आहे. करार तीन वर्षांचा आहे, पुढचं काही ठरलेलं नाही. मुलगा सात वर्षांचा, मुलगी अडीच वर्षांची. मुलगा पुण्यात इंग्रजी माध्यमातून पहिली करून आलाय, त्याला दहापर्यंत पाढे येतात. इथल्या सरकारी शाळेत त्याला परदेशातून आलेल्या मुलांच्या वेगळ्या वर्गात बसवलंय. तीन महिने झाले तरी तो शाळेत तोंड उघडत नाही, असं बाई सांगतात. गृहपाठ नाही, वह्या कोऱ्या. मुलगी ऑक्टोबरपासून पाळणाघरात जाते. तिथे तिला दुपारी बाहेर, थंडीत झोपवतात. रोज चिखलाने माखून घरी येते. परवा आणायला गेले तर ती जमिनीवर बसून थंडीचा सूट चढवायची धडपड करत रडत होती आणि तिथल्या ताई शेजारी बसून बघत होत्या. मी सध्या घरीच असते. सासूबाई रोज फोनवर विचारतात, "आई घरात असताना लेकरू पाळणाघरात कशाला?" मला वाटतं, मुलीला घरी ठेवावं आणि मुलाला इंग्रजी आंतरराष्ट्रीय शाळेत घालावं. नवरा म्हणतो, आता घरीही इंग्रजीच बोलूया. माझी मुलं मागे पडतायत का?

उत्तर

तुमच्या पत्रात मला सगळ्यात आधी ती जमिनीवर बसलेली मुलगी दिसली, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी सोळा वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा माझी पहिली नोकरी एका बर्नेहावेत, म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या बालवाडीत मदतनीस म्हणून होती. पहिल्याच आठवड्यात मी एका पोराच्या सूटची चेन लावून दिली. हात आपोआप गेला, आपले जातातच. तिथल्या अनुभवी बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की तू त्याचा आजचा सगळ्यात अवघड धडा काढून घेतलास. मला राग आला होता. मग मी बघायला शिकले. इथे त्या सूटला फ्लूवरड्राग्ट म्हणतात. तो चेन उघडून जमिनीवर पसरायचा, त्यावर बूड टेकायचं, आधी एक पाय, मग दुसरा, मग हात, मग चेन गळ्यापर्यंत. शेवटी बुटाखालून जाणारा रबरी पट्टा. यात डावा-उजवा आला, क्रम आला, बोटांची ताकद आली, आणि चिडून पुन्हा प्रयत्न करणं आलं. अडीच वर्षांच्या मुलीला याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्या ताई उभ्या नव्हत्या, बसल्या होत्या, असं तुम्हीच लिहिलंय. ती बैठक महत्त्वाची आहे. मुलीच्या उंचीला येऊन, तिला एकटं न सोडता, पण हात न लावता बसणं हे त्यांचं काम आहे. तिथे काम करणारे जे पेडागोग, म्हणजे प्रशिक्षित बालशिक्षक, असतात त्यांचं शिक्षण साडेतीन वर्षांचं असतं, पदवीच्या दर्जाचं.

तरीही तुमची मुलगी रडत होती, हे मी झटकून टाकत नाही. रडण्यारडण्यात फरक असतो. चेन अडकली म्हणून आलेलं रडू वेगळं आणि कोणी आपलं नाही म्हणून आलेलं वेगळं. आईला तो फरक कळतो. तुम्हाला दुसरं वाटलं असेल तर उद्याच त्यांना इंग्रजीत सरळ विचारा: ती दिवसात किती वेळा रडते, कोणाकडे जाते, तिची ठरलेली व्यक्ती कोण. या प्रश्नांची उत्तरं त्यांच्याकडे असायला हवीत. नसली तर ती तक्रार करण्याजोगी गोष्ट आहे, आणि इथे तक्रार केल्याने मुलावर राग निघत नाही.

आता 'पाळणाघर' या शब्दाबद्दल. गंमत म्हणजे डॅनिश शब्दही तोच आहे. वुगेस्टुए, वुगे म्हणजे पाळणा आणि स्टुए म्हणजे खोली. पण आपल्याकडे पाळणाघर म्हणजे आई कामावर जाते म्हणून केलेली सोय. चांगली असली तरी नाइलाजाची. सासूबाईंचा प्रश्न त्या अर्थातून येतो, आणि त्या अर्थाने तो बरोबरच आहे. इथे मात्र मूल 26 आठवड्यांचं झालं की त्याला जागा देणं कम्यूनवर, म्हणजे इथल्या नगरपालिकेवर, कायद्याने बंधनकारक आहे. खर्चाचा जास्तीत जास्त चौथा हिस्सा आईवडील देतात, बाकीचा कम्यून उचलते. आई नोकरी करते का, असा प्रश्न जागा देताना येत नाही. या वयातल्या बहुतेक मुलांचा दिवस तिथेच जातो. म्हणजे तुमची मुलगी घरी राहिली तर सकाळी दहा वाजता बागेत तिच्याशी खेळायला कोण असेल? मी हे स्वतः करून पाहिलंय. माझ्या थोरल्याला मी पहिले आठ महिने घरी ठेवलं. नोव्हेंबरात बागेतले झोके ओले, वर कावळे, आणि खाली आम्ही दोघंच. तो मला 'मुलं कुठे गेली' असं विचारायचा.

सासूबाईंना सांगायचं असेल तर कोसबाडचं सांगा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि पुढे कोसबाडला जे केलं ते त्यांच्या पिढीला माहीत आहे. मूल अंगणात, मातीत, पानाफुलांशी खेळत शिकतं, पाटी त्यानंतर, असा विचार त्यांनी 1945 पासून आदिवासी वस्त्यांत प्रत्यक्षात आणला. 'अंगणवाडी' हा शब्दच तिथला. तुमच्या मुलीच्या बुटाला लागलेला चिखल सासूबाईंना परका वाटायचं कारण नाही. इथे 1950 च्या दशकात कोपनहेगनच्या उत्तरेला एला फ्लाटाउ नावाच्या बाई मुलांना घेऊन रोज जंगलात जायच्या. त्यातून जंगलातल्या बालवाड्या सुरू झाल्या. आज शहरातली कितीतरी मुलं सकाळी बसने गावाबाहेर जातात आणि दुपारी परत येतात. चार-पाच वर्षांची पोरं चाकूने काठी तासतात, तिच्या टोकाला कणीक गुंडाळून शेकोटीवर भाजतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला होता.

उघड्यावर झोपण्याचं म्हणाल तर हे फक्त पाळणाघरात नाही, घरोघरी चालतं. कॅफेबाहेर बाबागाडीत झोपलेली बाळं तुम्ही पाहिली असतील. पाळणाघरात त्यासाठी छप्पर असलेली वेगळी जागा असते, खोल गाडीसारखे बिछाने असतात, आतून लोकरीचे कपडे, वर पिसांची दुलई, मूल बाहेर पडू नये म्हणून पट्टा, आणि मोठं माणूस फेऱ्या मारून बघतं. दुपारी एकदा जाऊन बघाच, परवानगी मिळते. गाल गार असले तरी मानेच्या मागे हात घालून बघा, उबदार लागेल. तरीही मन तयार होत नसेल, किंवा तिला सर्दी-खोकला असेल, तर आत झोपवा म्हणून सांगायला संकोच करू नका. आपल्याकडे टाळू झाकल्याशिवाय बाळ बाहेर नेत नाहीत, ही सवय एका महिन्यात जायची नाही. जायलाच हवी असंही नाही.

इथलं सगळंच मला पटतं असं समजू नका. 2024 पासून कायदा असा, की तीन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक मोठं माणूस आणि बालवाडीत सहांमागे एक. पण हा हिशेब सगळ्या कम्यूनचा, वर्षाच्या सरासरीचा असतो. दुपारी साडेतीनला तुम्ही जाल तेव्हा एक माणूस आणि अंगणभर पोरं असंही दृश्य दिसेल. म्हणून मी म्हणेन, तुम्ही घरी आहात याचा फायदा घ्या. मुलीला घरी ठेवू नका, लवकर आणा. नऊला सोडा, दोनला आणा. पैसे पूर्ण दिवसाचे भरले म्हणून पूर्ण दिवस ठेवायची सक्ती कोणी करत नाही. पाच तास तिला तिथल्या मुलांत मिळतील, दुपार तुमची. जागा मात्र सोडू नका. एकदा सोडली की पुन्हा अर्ज, पुन्हा रांग, आणि मिळेल ती जागा घराजवळची असेलच असं नाही. लवकरच ती तीन वर्षांची होऊन बर्नेहावेत जाईल, तिथे खेळ आणि बोलणं दोन्ही झपाट्याने वाढतं. त्या गाडीत ती आता बसलेली आहे.

आता मुलगा. खरं सांगू का, दोघांमध्ये मला काळजी त्याची जास्त वाटते, पण तुम्हाला वाटते त्या कारणासाठी नाही.

सात वर्षांचा मुलगा तीन महिने शाळेत गप्प आहे. नव्या भाषेत पडलेली मुलं अशी गप्प राहतात, काही तर पाच-सहा महिने. या काळात ती ऐकत असतात. घरी तो पूर्वीसारखा बडबडतो का? भांडतो, हसतो, जेवतो? तसं असेल तर शाळेतलं मौन म्हणजे साठवण आहे. घरीही गप्प झाला असेल, झोप बिघडली असेल, सकाळी पोट दुखतंय म्हणत असेल, तर मात्र वाट बघू नका. शाळेशी आणि शाळेच्या आरोग्य परिचारिकेशी बोला.

तो ज्या वर्गात आहे त्याला मोडटागेक्लासे म्हणतात. परदेशातून आलेल्या मुलांना आधी डॅनिश शिकवून मग नेहमीच्या वर्गात पाठवायचं, असा तो वर्ग. तिथे मूल जास्तीत जास्त दोन वर्षं राहतं. वर्ग चांगला असतो, शिक्षक बहुधा फार कनवाळू असतात, पण त्यात एक खोट आहे. मुलाच्या आजूबाजूला डॅनिश बोलणारं मूल नसतं. सीरियाचा मुलगा, युक्रेनची मुलगी आणि तुमचा मुलगा, तिघंही त्याच परीक्षेत. भाषा वर्गात अर्धी येते, मैदानावर उरलेली. म्हणून पुढच्या पालकभेटीत पाढ्यांबद्दल विचारू नका, हे विचारा: माझा मुलगा कोणत्या तासांना नेहमीच्या वर्गात बसतो? खेळ, चित्रकला, संगीत, गणित, यातले काही तास आत्तापासून तिकडे देता येतील का? तिकडे कायमचा गेल्यावर डॅनिशची जादा मदत किती तास मिळेल? हे प्रश्न विचारणाऱ्या पालकांच्या मुलांचं पाऊल लवकर पुढे पडतं, हे मी अनेक घरांत पाहिलंय. गणित त्याला येतंच, तेव्हा गणिताच्या तासाला तो तिकडे ताठ बसेल. मुलासाठी ते फार मोठं असतं.

शाळेनंतरच्या एसएफओमध्ये, म्हणजे शाळेच्याच फावल्या वेळाच्या केंद्रात, तो जातो का, ते तुम्ही लिहिलं नाही. तुम्ही घरी असल्यामुळे पैसे वाचवायला घातलं नसेल, असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर हा निर्णय पहिला बदला. शाळा सुटल्यावर सगळी मुलं तिथे असतात. कुणी फुटबॉल खेळतं, कुणी सुतारकाम करतं, कुणी मणी ओवतं. डॅनिश मैत्री तिथे होते. भावंडांना सवलतही असते: ज्या मुलाची फी जास्त त्याची पूर्ण, दुसऱ्याची निम्मी. उत्पन्न कमी असेल तर आणखी सूट मिळते, त्याचा अर्ज कम्यूनकडे करायचा.

आणि त्याला एक वाक्य शिकवा. 'मो याय व्हेर मे?' मला घ्याल का खेळायला? आपल्या वाड्यांत, सोसायट्यांत मुलं 'मला घ्या ना' म्हणायची तेच. इथली मुलं आपणहून कोणाला ओढून घेत नाहीत, पण हे वाक्य ऐकलं की सहसा नाही म्हणत नाहीत, कारण ती बालवाडीपासून याच वाक्यावर वाढलेली असतात. शिक्षकांनाही ते ओळखीचं असतं. घरी त्याची तालीम करा. तुम्ही डॅनिश मुलगा व्हा, तो विचारेल. मग बाबांना मुलगा करा. माझ्या धाकट्याने हे वाक्य उशीत तोंड खुपसून रात्री वीस वेळा म्हटलं होतं. तिसऱ्या दिवशी गुडघे फोडून घरी आला. कोणी विचारलं नाही, मी विचारलं, आणि त्यांनी मला गोलकीपर केलं, असं त्याने दारातूनच सांगितलं.

आंतरराष्ट्रीय शाळेबद्दल माझं मत वयावर ठरतं. मुलगा बारा-तेरा वर्षांचा असता आणि परतायचं तीन वर्षांत पक्कं असतं, तर मी तुम्हाला लगेच म्हटलं असतं, घाला. त्या वयात नवी भाषा शिकून त्यात विज्ञान, इतिहास शिकायला वेळ पुरत नाही आणि पुढे भारतात दहावी समोर उभी असते. सात वर्षांच्या मुलाचं गणित वेगळं. कोपनहेगनच्या आसपास अशा शाळा बऱ्याच आहेत, ओर्हूस, ओडेन्से, बिलुंडलाही आहेत. शिकवतात छान. पण फी शाळेगणिक फार वेगळी: कुठे महिन्याला काही हजार क्रोनर, तर कुठे वर्षाला लाखाच्या वर. नवऱ्याची कंपनी ती भरते का, करारात लिहिलंय का, हे आधी बघा. रोजचा प्रवास मोजा. आणि एक गोष्ट त्या शाळांच्या माहितीपत्रकात नसते: तिथली मुलं शहरभर विखुरलेली राहतात आणि दर जूनमध्ये त्यांतली कितीतरी देश सोडून जातात. तुमच्या इमारतीच्या खाली जी मुलं सायकल चालवतात ती त्याच्या वर्गात नसतील. तीन वर्षांचे सहा झाले, आणि इथे अनेकांचे होतात, तर तो डॅनिश न येणारा तेरा वर्षांचा मुलगा असेल. ती अडचण आजच्यापेक्षा मोठी आहे.

माझा सल्ला: पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शाळा बदलू नका. मे महिन्यात पुन्हा बघा. तोवर त्याला एक मित्र मिळाला असेल तर राहू द्या. नसेल मिळाला तर आधी कम्यूनमधली दुसरी सरकारी शाळा बघा. जागा असेल तर घराजवळची सोडून दुसरी निवडता येते.

'मागे पडतायत का' या प्रश्नाचं उत्तर टाळत नाही. पुण्यातल्या वर्गाच्या हिशेबाने, हो, पाढ्यांत आणि लेखनात तो काही काळ मागे दिसेल. इथे शाळा ज्या वर्षी मूल सहाचं होतं त्या वर्षी 'शून्य' इयत्तेपासून सुरू होते. ही इयत्ता 2009 पासून सक्तीची झाली, तोवर तीही ऐच्छिक होती. गुण आठवीपर्यंत मिळत नाहीत. तोवर शिक्षक मुलाशी आणि पालकांशी बसून बोलतात, लिहून देतात. आठवीत जे गुण येतात त्यात सर्वांत वरचा 12 आणि सर्वांत खालचा उणे 3. त्या पहिल्या निकालाला अजून अनेक वर्षं आहेत. इंग्रजी मात्र पहिलीपासून असतं, आणि इथली दहावी झालेली मुलं किती सहज इंग्रजी बोलतात ते तुम्ही दुकानात रोज ऐकताच. तेव्हा इंग्रजीसाठी वेगळी शाळा शोधायची गरज मला दिसत नाही.

पाढे तुम्ही घ्या. संध्याकाळी वीस मिनिटं, रोज, त्याहून जास्त नाही. जमेल तसं. चारला अंधार पडणाऱ्या या महिन्यांत ती वीस मिनिटं दोघांनाही बरी वाटतील.

आणि ते मराठीत घ्या. नवऱ्याचं म्हणणं मी समजू शकते, मुलाला सोपं जावं म्हणून ते बोलतात. पण मुलाला शाळेत इंग्रजी नाही, डॅनिश हवी आहे. घरी इंग्रजी आणली तर डॅनिशला मदत होणार नाही आणि मराठी मात्र जाईल. आज त्याच्या हातात एकच भाषा पूर्ण आहे. त्यात तो भीती सांगू शकतो, खोटं बोलू शकतो, विनोद करू शकतो. ती काढून घेऊ नका. परत गेलात तरी हिशेब मराठीच्याच बाजूचा आहे: 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा केलाय. इथे ती शिकवायला कोणी येणार नाही. 2002 पासून कम्यूनवर मातृभाषेच्या मोफत तासांची जबाबदारी फक्त युरोपीय संघ आणि त्याला जोडलेल्या देशांच्या, तसंच फेरो बेटं आणि ग्रीनलंडच्या मुलांपुरती आहे. म्हणजे मराठीची शाळा तुमचं स्वयंपाकघर आणि सासूबाईंचा फोन. त्यांना उलटतपासणीऐवजी हे काम द्या. रोज एक गोष्ट, दोन्ही नातवंडांना. बाराखडीची वहीही त्यांच्याकडे सोपवा. फोनवरून त्या त्याच्याकडून रोज दोन ओळी लिहून घेतील. नातवाला आपल्याकडून काही मिळतंय हे कळलं की 'पाळणाघरात कशाला' हा प्रश्न हळूहळू मऊ होतो.

दोन गोष्टी थोडक्यात, कारण त्या इतर नव्या घरांनाही लागतील. शाकाहारी असाल तर कम्यूनचा अर्ज भरताना आणि पुन्हा तोंडी सांगा. फक्त 'डुकराचं मांस नको' म्हटलंत तर कोंबडी वाढली जाईल. ब्रेडवर लावायचं ते तपकिरी लेव्हरपोस्टाय म्हणजे बहुधा डुकराच्या यकृताचं वाटण असतं, आणि वाढदिवसाच्या चिवट रंगीत गोळ्यांत जिलेटिन. डब्यात थालीपीठ, दशमी, पराठा खुशाल द्या. पहिल्या दिवशी मुलं वास घेतात, चौथ्या दिवशी मागतात. दुसरी गोष्ट गंभीर आहे. मुलावर हात उगारणं इथे 1997 पासून कायद्याने बंद आहे, आपल्याच मुलावरही. धपाटा, कान धरणं, सगळं त्यात येतं. मुलाने वर्गात सहज सांगितलं तरी शिक्षकांना कम्यूनला कळवावं लागतं. ते वैर म्हणून करत नाहीत, त्यांच्यावर तसं बंधन आहे. घरी आलेल्या आजी-आजोबांनाही विमानतळावरून येतानाच हे सांगून ठेवा.

आता तुमच्याबद्दल. पूर्ण पत्रात तुम्ही स्वतःविषयी एकच वाक्य लिहिलंय, 'मी सध्या घरीच असते'. पुण्यात काय करत होतात ते लिहिलं नाही. मला शंका आहे की मुलीला घरी ठेवण्यामागे थोडी तुमचीही गरज आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. परक्या गावात, हिवाळ्याच्या दिवसांत, सकाळी साडेनऊला रिकामं झालेलं घर मीही पाहिलंय. पण त्या अडीच वर्षांच्या मुलीवर तुमची सोबत करण्याचं ओझं नको. जोडीदाराच्या परवान्यावर आलेल्यांना इथे नोकरी करता येते, आणि नव्याने आलेल्यांसाठी कम्यूनमार्फत डॅनिशचे वर्ग असतात. तिथे नाव घाला. सकाळचा वर्ग घेतलात तर तुमच्या मुलीच्या वेळेत बसेल. काही महिन्यांत तुम्हाला आउलावरचे, म्हणजे शाळा आणि पालकांच्या निरोपांच्या ॲपवरचे, शाळेचे निरोप भाषांतराशिवाय अर्धे कळायला लागतील. आणि मुलगा जेव्हा तुम्हाला चुकीचा उच्चार करताना ऐकेल, हसेल, दुरुस्त करेल, तेव्हा त्याची जीभ सुटायला लागलेली असेल.

सोमवारपासून एक काम करा. मुलाच्या शाळेत त्याच्या खुंटीच्या शेजारच्या खुंटीवर कोणाचं नाव आहे ते वाचा. आउलावर त्या मुलाच्या आईवडिलांना दोन ओळी लिहा, इंग्रजीत चालेल: शनिवारी दहा ते बारा तुमचा मुलगा आमच्याकडे खेळायला येईल का? याला इथे लायआफ्टाले म्हणतात, खेळायचं ठरवणं. सुरुवातीची आणि संपायची वेळ दोन्ही लिहा. वेळ लिहिली नाही की इथली माणसं गोंधळतात आणि उत्तर राहून जातं. त्या मुलाला काही खायला चालत नाही का, तेही विचारा. मग तिखट न घालता बटाट्याची थालीपिठं लावा, सोबत काकडीचे काप. वह्या, पाढे सगळं आत ठेवा आणि लेगोचा डबा जमिनीवर उपडा करून तुम्ही स्वयंपाकघरात जा. पहिला अर्धा तास आतून आवाज येणार नाही. जाऊन बघू नका.